एक कसोटी आणि सत्त्याऐंशी सामने

१३८ चेंडू, ५१ धावा, २ बळी. फलंदाजीत एकच डाव, नाबाद १४. सदाशिव रावजी पाटील या कोल्हापूरच्या गोलंदाजाची कसोटी कारकीर्द क्रिकेटच्या दप्तरात एवढ्या एका ओळीत मावते. सामना डिसेंबर १९५५ मधला, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा, न्यूझीलंडविरुद्धचा. त्याआधी त्यांना भारताची टोपी मिळालेली नव्हती आणि त्यानंतर ती पुन्हा मिळाली नाही. १५ सप्टेंबर २०२० रोजी वयाच्या ८६व्या वर्षी ते कोल्हापुरातच वारले, तेव्हा बहुतेक बातम्यांनी ‘एक कसोटी खेळलेले’ हेच विशेषण वापरलं.

ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. हाती असलेले आकडे एकमेकांशेजारी मांडले की एका सामन्याच्या खेळाडूऐवजी बारा हंगाम महाराष्ट्राच्या संघात वावरलेला आणि मध्येच दोन उन्हाळे परमुलखात पगारावर गोलंदाजी करून आलेला कसबी माणूस दिसू लागतो.

अस्सल कागद आणि बखर यांतला फरक राजवाड्यांनी मराठी वाचकाला शिवकालासाठी शिकवला. क्रिकेटलाही तो तंतोतंत लागू पडतो. या खेळात बखरी उदंड. कोणी कोणाची दांडी कशी उडवली, निवड समितीत कोणी कोणाचं नाव कापलं, हे सांगणारे पारापारावर भेटतात. म्हणून इथे आधी धावफलक, मग त्यावरून बनलेली कारकिर्दीची आकडेवारी आणि सर्वांत शेवटी आठवणी, असा क्रम लावला आहे. नावांचीही खबरदारी घ्यावी लागते. १९८० च्या दशकात चौकार-षटकारांनी गाजलेले संदीप पाटील हे ‘एस. एम.’, आपले ‘एस. आर.’. महाराष्ट्राच्याच संघातून आलेले लेगस्पिनर सदाशिव शिंदे सात कसोटी खेळले आणि जून १९५५ मध्ये ऐन तिशीत गेले. पाटलांच्या कसोटीच्या सहा महिने आधीची ही गोष्ट. नुसतं ‘सदाशिव’ किंवा नुसतं ‘पाटील’ पाहून मजकूर जोडत गेलं तर एकाचे बळी दुसऱ्याच्या खात्यावर जायला वेळ लागत नाही.

पाटलांचा जन्म १० ऑक्टोबर १९३३ चा. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. क्रिकेटच्या नकाशावर कोल्हापूर, पुणे, सोलापूर ही गावं ‘महाराष्ट्र’ या संघात मोडत आणि मुंबईचा संघ वेगळा असे. हा महाराष्ट्र संघ महाराष्ट्र राज्याहून वयाने मोठा. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षं रणजी करंडक जिंकला होता. कोल्हापूरचेच भाऊसाहेब निंबाळकर १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर पोहोचले, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला, आणि पाहुण्या कर्णधाराने पुढे खेळायलाच नकार दिला. निंबाळकरांना कसोटीची टोपी एकदाही मिळाली नाही. ज्या गावात असा फलंदाज टोपीविना राहिला, तिथल्या एका गोलंदाजाला ती एकदा मिळाली, हे मापही ध्यानात ठेवलं पाहिजे.

१९५२-५३ च्या हंगामात एकोणीस वर्षांचे पाटील महाराष्ट्राकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. समोर मुंबई होती, आदल्याच वर्षी रणजी करंडक जिंकलेली. महाराष्ट्राने तो सामना १९ धावांनी जिंकला. मुंबईला हरवणं ही त्या काळी काय चीज होती, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. त्या वर्षी करंडक होळकर संघाने नेला. जिंकलेल्या त्या अटीतटीच्या सामन्यात उजव्या हाताने मध्यम द्रुतगती टाकणारा हा पोरगा नव्या चेंडूचा वाटेकरी होता. पुढच्या तीन वर्षांत त्याचं नाव ब्रेबॉर्नपर्यंत गेलं.

न्यूझीलंडचा तो भारतातला पहिला कसोटी दौरा, पाच सामन्यांचा. हैदराबादची पहिली कसोटी गुलाम अहमदांच्या नेतृत्वाखाली अनिर्णित राहिली. तिथे पॉली उम्रीगरांनी २२३ धावा काढल्या. कसोटीत भारतीयाने काढलेलं ते पहिलं द्विशतक. मुंबईच्या दुसऱ्या कसोटीपासून कप्तानी उम्रीगरांकडे आली. सोलापूरकरांना इथे थोडं थांबायला हरकत नाही, कारण २८ मार्च १९२६ रोजी उम्रीगर जन्मले ते सोलापुरात. शाळकरी वयात कुटुंब मुंबईला गेलं आणि पुढची सगळी कीर्ती मुंबईच्या नावावर जमा झाली. तेव्हा सोलापुरात जन्मलेला कप्तान आणि कोल्हापुरात वाढलेला गोलंदाज, दोघेही आपापल्या परीने नवखे, २ डिसेंबर १९५५ रोजी एकाच संघातून मैदानात उतरले. त्याच दिवशी आणखी एकाने पदार्पण केलं: सलामीचे विजय मेहरा, वय १७ वर्षं २६५ दिवस, तोवरचे सर्वांत लहान भारतीय कसोटीपटू.

भारताचा डाव ८ बाद ४२१ वर घोषित झाला. त्यात विनू मांकडांच्या २२३. लागोपाठच्या दोन कसोटींत दोन भारतीयांचे अगदी सारखेच २२३ हा योगायोग धावफलकांवर आजही गमतीदार दिसतो. पाटील नाबाद १४ होते. घोषणेच्या वेळी आठ बाद म्हणजे खेळपट्टीवर उभे असलेले दोघे शेवटच्या फळीतले, आणि त्यांतले एक पाटील. न्यूझीलंडचे दोन डाव २५८ आणि १३६. भारत एक डाव आणि २७ धावांनी जिंकला. कसोटीच्या इतिहासातला भारताचा तो अवघा चौथा विजय.

आता गोलंदाजीकडे येऊ. पाटलांची कसोटीतली सर्वोत्तम कामगिरी १५ धावांत १ बळी अशी नोंदलेली आहे आणि एकूण बळी आहेत दोन. एकाच डावात दोन्ही मिळाले असते तर सर्वोत्तम कामगिरी दोन बळींची ठरली असती. म्हणजे दोन्ही डावांत एकेक. एकूण धावा ५१, त्यातून १५ वजा केल्या की दुसऱ्या बळीची किंमत उरते ३६. १३८ चेंडू म्हणजे २३ षटकं. षटकामागे सव्वादोन धावाही नाहीत. सामन्याचं एकही छायाचित्र न पाहता, कोणाचीही आठवण न विचारता एवढं ठामपणे सांगता येतं: या गोलंदाजाची पिटाई झाली नाही, दोन्ही डावांत त्याने एकेक फलंदाज काढला, आणि बॅट हातात आली तेव्हा तो बाद झाला नाही. जी एकमेव कसोटी खेळला ती संघाने डावाने जिंकली.

तरीही दिल्लीच्या तिसऱ्या कसोटीत त्याचं नाव नाही. निवड समितीच्या बैठकीत काय घडलं याच्या कहाण्या रचण्यापेक्षा त्या मालिकेचा हिशेब बघावा. सुभाष गुप्त्यांनी पाच कसोटींत ३४ बळी घेतले. भारताने मालिका २-० जिंकली, दुसरा विजय मद्रासला, जिथे मांकड आणि पंकज रॉय यांनी ४१३ धावांची सलामी दिली. सामने जिंकून देत होते ते फिरकी गोलंदाज. मध्यमगती गोलंदाजाचं काम नव्या चेंडूची लकाकी उतरवून तो गुप्ते-मांकडांच्या हाती देणं, एवढंच उरलं होतं. त्या कामाला दत्तू फडकर आणि जी. एस. रामचंद होते आणि दोघेही भरवशाची फलंदाजी करत. अशा व्यवस्थेत तिसऱ्या मध्यमगती गोलंदाजाची जागा नेहमीच तात्पुरती असणार. २३ षटकांत दोन बळी ही कामगिरी वाईट नव्हती. जागा पक्की करायला पुरेशी मात्र नव्हती.

घरच्या संघातही स्पर्धा वाढली. १९५६-५७ मध्ये पुण्याचे वसंत रांजणे खडकवासल्याला सौराष्ट्राविरुद्ध पदार्पणातच ३५ धावांत ९ बळी घेऊन बसले, हॅटट्रिकसह. पुढे तेही कसोटीपटू झाले. १९५८-५९ च्या वेस्ट इंडीज मालिकेत भारताने पाच कसोटींत चार कर्णधार बदलले आणि शेवटी दिल्लीत रमाकांत देसाई हा ठेंगणा पण वेगवान पोरगा पुढे आणला. पाटील तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. मध्यमगती गोलंदाजाची खरी उमेद याच वयात असते.

इथे दप्तराची दुसरी पेटी उघडावी लागते. तिच्यावर पत्ता आहे लँकेशायरचा.

१९५९ आणि १९६१ या दोन हंगामांत पाटील लँकेशायर लीगमध्ये खेळले. नोंद सांगते: ५२ सामने, १११ बळी. ही लीग १८९२ साली उभी राहिली ती कापडगिरण्यांच्या गावांत. नेल्सन, बर्नली, ॲक्रिंग्टन, हॅस्लिंग्डन, रिश्टन, बेकप, कोल्न अशी एकाला एक लागून असलेली गावं; शनिवारी दुपारी गिरणी सुटली की मैदान भरायचं. सोलापूरच्या वाचकाला हे चित्र परकं वाटणार नाही. आपल्याकडची जुनी गिरणी १८७७ ची. भोंग्यावर चालणाऱ्या गावात सुट्टीची एक दुपार काय असते, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं.

लीगचा कायदा साधा होता: प्रत्येक क्लबात बाकी सगळे हौशी, व्यावसायिक खेळाडू एकच. त्याला हंगामाचा ठरलेला पगार. पन्नास धावा किंवा पाच बळी झाले की प्रेक्षकांत डबा फिरे आणि जमलेली नाणी त्याच्या हवाली होत. जिंकलं तर क्लब जिंकला, हरलं तर ‘प्रो’ काय करत होता, असा सवाल. लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ नेल्सनकडे होते आणि नऊ हंगामांत सात वेळा त्यांनी क्लबला विजेतेपद मिळवून दिलं. आपले विनू मांकड १९५२ साली हॅस्लिंग्डनकडे बांधलेले होते. भारताचा संघ त्यांच्याविना इंग्लंडला गेला, पहिली कसोटी हरला, मग क्लबकडे रदबदली करून त्यांना लॉर्ड्सला आणावं लागलं. तिथे त्यांनी ७२ आणि १८४ काढल्या, एका डावात पाच बळीही घेतले. भारतातल्या कसोटीचं मानधन त्या काळी अडीचशे रुपयांच्या घरात होतं. क्रिकेटवर पोट भरायचं ठरवलेल्या भारतीयाला लीगची ही गावं हाच रोख व्यवहाराचा रस्ता होता.

आता पाटलांच्या आकड्याची छाननी. लीगमध्ये चौदा क्लब. प्रत्येकाने उरलेल्या तेरांशी घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळायचं, म्हणजे हंगामाला २६ सामने. दोन हंगामांचे ५२. पाटलांच्या नावावरचा आकडाही ५२ आहे. लीगचं अख्खं वेळापत्रक जितकं, तितकेच सामने. लँकेशायरच्या पावसाळी, गार उन्हाळ्यात, कपडे अंगावर वाळत नाहीत अशा दुपारी, ज्याच्यावर क्लबाने पैसे मोजले आहेत त्या गोलंदाजाने जवळजवळ प्रत्येक शनिवारी हजेरी लावली, असा याचा अर्थ. दुखापतीने घरी बसलेल्या माणसाचा हिशेब असा जुळत नाही.

बळींचा आकडा मात्र भावनेपोटी फुगवू नये. १११ भागिले ५२ म्हणजे सामन्यामागे दोनाहून थोडे अधिक, हंगामाला साधारण पंचावन्न. लीगच्या नामवंत गोलंदाजांकडून एका हंगामात शंभराची अपेक्षा असे. १९६१ साली ॲक्रिंग्टनकडे वेस्ट इंडीजचा वेस्ली हॉल होता, त्या काळचा जगातला सर्वांत भेदक वेगवान गोलंदाज. त्या मापाने पाटील मधल्या फळीतले व्यावसायिक ठरतात. पण दुसरी बाजूही त्याच कागदात आहे. लीगचे करार सहसा हंगामापुरते असत आणि काम न केलेल्या माणसाला पुन्हा कोणी बोलावत नसे. १९५९ नंतर १९६१ साली पाटलांना पुन्हा काम मिळालं. पैसे मोजणाऱ्यांनी दिलेला हा दाखला आहे आणि तो बळींच्या आकड्याइतकाच बोलका आहे.

तारखांच्या जुळणीतून आणखी एक गोष्ट वर येते. १९५९ च्या त्याच उन्हाळ्यात दत्ताजीराव गायकवाडांचा भारतीय संघ इंग्लंडमध्ये होता आणि पाचही कसोटी हरला. चौथी कसोटी जुलैमध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर झाली. लीगची गावं तिथून तास-दीड तासाच्या अंतरावर. विजय मांजरेकर जायबंदी झाल्यावर ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या अब्बास अली बेगना बोलावलं गेलं आणि त्यांनी पदार्पणातच ११२ काढल्या. उम्रीगरांनीही त्या डावात ११८ केल्या. नवा चेंडू संपूर्ण दौराभर सुरेंद्रनाथ आणि देसाई यांनी वाहिला. शेजारच्या परगण्यात, इंग्लंडच्याच हवेत, चार वर्षांपूर्वीचा एक कसोटी गोलंदाज दर शनिवारी गोलंदाजी करत होता. त्याला बोलवायला हवं होतं, असा दावा हे कागद करू देत नाहीत. मात्र कसोटी संघ आणि लीग ही दोन जगं किती जवळ असून किती वेगळी होती, हे त्यावरून दिसतं. पहिल्या जगाचा प्रत्येक चेंडू छापला गेला. दुसऱ्या जगातून एका भारतीयाचे दोन उन्हाळे दोन आकड्यांत उरले.

ते जगही तेव्हा ओसरत होतं. १९५९ सालीच ब्रिटनच्या संसदेने सूतगिरण्यांचा कायदा केला. जुने माग आणि चात्या मोडीत काढायला सरकारी पैसा मिळू लागला. गिरण्या बंद पडत होत्या, मैदानांवरची गर्दी आटत होती, आणि तिच्याबरोबर डब्यातली नाणीही. कॉन्स्टंटाइनच्या काळातला थाट पाटलांच्या वाट्याला आलेला नव्हता.

महाराष्ट्राकडून त्यांची कारकीर्द १९६३-६४ पर्यंत चालली. तिच्या सुरुवातीला महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. अखेरीस ते चार वर्षांचं होत आलं होतं. प्रथम श्रेणीचा एकूण हिशेब: ३६ सामने, ८३ बळी, ८६६ धावा, सर्वोत्तम ३८ धावांत ५ बळी. कसोटी या छत्तिसांतच धरलेली आहे. ती वगळली तर ३५, त्यांत लीगचे ५२ मिळवले की सत्त्याऐंशी. एका सामन्याच्या ओळीखाली हे सत्त्याऐंशी सामने झाकले गेले आहेत.

अमेरिकेत अशा झाकलेल्या खेळाडूंचा शोध हे गंभीर काम मानतात. तिथे बेसबॉलची पहिली व्यावसायिक लीग १८७१ साली सुरू झाली. तिच्यात आणि नंतरच्या लीगांत एखाददुसरा सामना टाकून नाहीसे झालेले पिचर ढिगाने सापडतात. १९७१ च्या ऑगस्टमध्ये कूपर्सटाउनला सोळा हौशी संशोधक जमले आणि त्यांनी बेसबॉल संशोधनाची संस्था काढली. जनगणनेच्या याद्या, शहरांच्या निर्देशिका, गावोगावची वर्तमानपत्रं चाळून तिच्या सभासदांनी अशा पिचरांचे जन्म, पगार, दुखापती आणि मृत्यू कागदावर आणले. एक सामना खेळलेल्यालाही तिथे स्वतंत्र चरित्र मिळतं. इंग्लंडमध्ये क्रिकेटच्या आकडेतज्ज्ञांची संघटना १९७३ ची. महाराष्ट्रात शिलालेख, ताम्रपट, मोडी रुमाल यांसाठी मंडळं निघाली, वाद झाले, खंड छापले. खेळाच्या कागदांना ती प्रतिष्ठा आपण दिलेली नाही.

त्यामुळे पाटलांविषयीचा निकाल देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कसोटी गोलंदाज म्हणून त्यांच्यावर घोर अन्याय झाला, हे म्हणायला पुरावा नाही. २३ षटकांवर तसा खटला उभा राहत नाही. पण ‘एक कसोटी’ ही त्यांची ओळख म्हणून स्वीकारणंही पुराव्याला धरून नाही. आधी मुंबईला हरवणाऱ्या संघात आणि मग लँकेशायरमध्ये पगारावर, असं दोन तऱ्हांचं क्रिकेट खेळलेले ते कोल्हापूरचे कसबी गोलंदाज होते. बेताच्या वेगाच्या माणसाने बारा हंगाम हे टिकवून धरलं, यातच त्याची योग्यता दिसते.

राहिली गोष्ट उरलेल्या कागदांची. पाटलांच्या काळचं जिल्हा क्रिकेट कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या मैदानांवर खेळलं गेलं. त्याची स्कोअरबुकं क्लबांच्या कपाटांत आणि स्कोअर लिहिणाऱ्यांच्या घरांत गेली. सोलापुरात गेल्या काही दशकांत जुन्या पेठांतली घरं सोडून कितीतरी कुटुंबं जुळे सोलापुरात राहायला आली. घर बदलताना माळ्यावरचं पहिलं ओझं रद्दीवाल्याकडे जातं आणि लांबट, आडव्या रेघांची, पेन्सिलीने भरलेली वही दिसायला अगदीच फालतू असते. तशी वही कुणाकडे असेल, पार्क मैदानावरच्या सामन्याची असो की शाळेच्या आंतरशालेय स्पर्धेची, ती फेकू नये. मोबाइलवर पानन्पान टिपून घ्यावं, मुखपृष्ठावर साल आणि ठिकाण लिहावं, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा जिल्हा क्रिकेट संघटनेला एक प्रत द्यावी. पुढचा इतिहास लिहिणाऱ्याला तेवढं पुरेल.